बालीगंजमधील मगजास्त्र

दक्षिण कोलकात्यातील बालीगंज आणि त्याच्या आसपासचा भाग बंगाली गुप्तहेरांच्या वास्तव्याने पुनीत झालेला आहे. सत्यजित राय यांचा प्रदोषचंद्र मित्र ऊर्फ फेलूदा १९६५ मध्ये ‘संदेश’ मासिकातून अवतरला आणि पुढे रजनी सेन रस्त्यावर स्थिरावला, तर शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षीने हॅरिसन रस्त्यावरील भाड्याच्या बिऱ्हाडात उमेदीची वर्षे काढून उतारवयात जवळच्याच केयातला भागात घर केले. फेलूदाजवळ कोल्ट रिव्हॉल्व्हर असले, तरी त्याची खरी भिस्त ‘मगजास्त्रा’वर, म्हणजे कवटीत वाहून नेता येणाऱ्या आणि परवाना न लागणाऱ्या शस्त्रावर असे. त्याच गल्ल्यांतून आज संगणक-सुरक्षा शिकू पाहणारी जी तरुण पिढी वावरते, तिने मात्र हे प्रमाण उलटे केलेले आढळते: शस्त्रागार अगोदर भरावे, मगजाचे पुढे पाहता येईल, असे तिचे सर्वसाधारण धोरण असते.

संगणक-सुरक्षा म्हणजे संगणक, त्यांना जोडणारी जाळी आणि त्यांत साठवलेली माहिती परक्या हातांपासून राखण्याची विद्या होय. राखावे कसे हे कळण्यासाठी फोडतात कसे हे आधी शिकावे लागत असल्यामुळे ही विद्या पालकांना प्रथमदर्शनी चोरीच्या शिकवणीसारखी वाटते. परंतु या विषयात नोकऱ्या आहेत आणि त्यांचे पगार बरे आहेत असे एकदा कानावर आले, की हाजरा रस्त्यावरील महाराष्ट्र निवासात भेटणारी मराठी मंडळी असोत वा शेजारचे बंगाली काका असोत, सर्वांच्या नैतिक शंकांचे एकाच वेळी समाधान होते.

या विद्येच्या साधकाची पहिली अवस्था ही संग्रहावस्था होय. तीत तो प्रथम काली लिनक्स नावाची संगणक-प्रणाली उतरवून घेतो. ही प्रणाली २०१३ मध्ये बॅकट्रॅक या जुन्या प्रणालीच्या जागी आली, ती फुकट मिळते, आणि सुरक्षा तपासण्याची शेकडो साधने तीत आधीच भरलेली असतात. (कालीघाटाच्या शेजारी या नावावर जे विनोद होतात, ते येथे झाले असे समजावे.) त्यानंतर तो एनमॅप या साधनाकडे वळतो. गॉर्डन लायन यांनी फिओदोर या टोपणनावाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले हे साधन एखाद्या यंत्राची कोणती दारे उघडी आहेत, हे बाहेरून ठोठावून पाहते. या दारांना परिभाषेत पोर्ट म्हणतात, आणि एकेका यंत्राला अशी ६५,५३५ क्रमांकित दारे असू शकतात, ही गोष्ट बालीगंजमधील जुन्या जमीनदारी वाड्यांच्या वारसांनाही थक्क करणारी आहे. तिसरे साधन वायरशार्क. १९९८ मध्ये ईथरियल या नावाने जन्मलेले आणि २००६ मध्ये नाव बदललेले हे साधन तारेतून किंवा हवेतून जाणाऱ्या माहितीचे छोटे छोटे गठ्ठे, म्हणजे पॅकेट, पकडून पडद्यावर मांडते. नवशिका ते सुरू करतो आणि निळ्या, हिरव्या, काळ्या ओळी सरसर वर सरकू लागतात. त्या पाहून त्याला समाधान वाटते, दारात उभ्या असलेल्या आईला भीती वाटते, आणि पॅकेटांना काहीच वाटत नाही.

साधनांपाठोपाठ शिक्षणसामग्रीचा संग्रह सुरू होतो. फुकट अभ्यासक्रम, अर्ध्या किमतीत मिळालेले म्हणून घेतलेले अभ्यासक्रम, चारशे पानी पुस्तकांच्या प्रती, आणि ‘सुरुवात कोठून करावी’ हे सांगणारे बाणांकित नकाशे एका फोल्डरात जमा होतात, त्या फोल्डराचे उपफोल्डर होतात, आणि उपफोल्डरांना क्रमांक दिले जातात. जूनमध्ये वह्यांना खाकी कव्हरे घालून त्यांवर सुवाच्य अक्षरात नाव, इयत्ता व तुकडी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला जी ज्ञानप्राप्तीची अनुभूती येते, तीच या टप्प्यावर येते, आणि तिच्यापुढे प्रत्यक्ष अभ्यास नेहमीच किंचित रुक्ष ठरतो. फेलूदाच्या कथांत सिधू ज्याठा नावाचे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या संग्रही वर्तमानपत्रांच्या कात्रणांच्या वह्या आहेत, त्यांची स्मरणशक्ती अफाट आहे, आणि फेलूदा अडला की त्यांच्याकडे जातो. तथापि रहस्य उलगडण्याचे काम ज्याठांनी स्वतःकडे घेतल्याचे दिसत नाही. बालीगंजमध्ये आजमितीस सिधू ज्याठांचा तुटवडा नाही. तुटवडा फेलूदाचा आहे.

एवढ्या सामग्रीनंतरही सुरुवातीचा प्रश्न सुटत नाही, कारण तो अड्ड्यावर मांडला जातो. अड्डा ही घराच्या ओट्यावर किंवा चहाच्या टपरीपाशी भरणारी, विषयपत्रिका नसलेली आणि निर्णयाचे बंधन नसलेली बंगाली सभा होय. तेथे एक ज्येष्ठ सांगतो की आधी संगणक-जाळ्यांचा पाया पक्का करावा. दुसरा म्हणतो की लिनक्स आल्याशिवाय जाळ्यांना हात लावू नये. तिसरा पायथॉन ही भाषा सुचवतो. चौथा, जो सर्वांत कमी बोलतो आणि म्हणून सर्वांत विद्वान समजला जातो, तो सी भाषेपासून व स्मृतीच्या रचनेपासून सुरुवात न करणाऱ्यांविषयी केवळ खेद व्यक्त करतो. चौघांचेही म्हणणे बरोबर असते, आणि म्हणूनच ते ऐकून घरी परतलेला नवशिका आणखी एक नकाशा उतरवून घेतो.

वास्तविक या विद्येतील पहिला प्रश्न साधनाचा नाहीच. कशाचे रक्षण करायचे आणि कोणापासून, हा तो प्रश्न होय. त्याच्या उत्तराला धोक्याचा आराखडा म्हणतात, आणि तो चुकला की काय होते याचा नमुना कोलकात्याने अठराव्या शतकातच घालून दिलेला आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या. या बर्गी स्वारांनी तेथील खेड्यांत जी लूट आणि जाळपोळ केली, तिच्या धाकाने बंगाली मुले पुढे कित्येक पिढ्या मुकाट्याने झोपली. मराठी वाचकाला याचा संकोच वाटणे योग्यच होय. तेव्हा कोलकात्याच्या घाबरलेल्या रहिवाशांनी स्वखर्चाने शहराभोवती खंदक खणण्यास इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी मिळवली. सुमारे सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. आणि मराठे काही कोलकात्यावर येत नाहीत असे दिसताच उत्साह ओसरून काम थांबले. या मराठा खंदकामुळे कोलकातावासीयांना इंग्रजांत ‘डिचर’ असे टोपणनाव मिळाले, एवढाच त्याचा तात्कालिक लाभ.

पुढे १७५६ मध्ये ज्याच्यासाठी खंदक खणलाच नव्हता तो बंगालचा नवाब सिराजउद्दौला सैन्यासह आला आणि त्याने शहर घेतले. खंदकाने त्याला अडवले नाही. १७९९ मध्ये खंदकाचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रस्ता करण्यात आला. आजच्या कार्यालयांत संगणक-जाळ्याच्या वेशीवर जी भिंत उभारतात, म्हणजे आत-बाहेर जाणारी पॅकेटे नियमांनुसार सोडणारी किंवा रोखणारी फायरवॉल, तिचा इतिहास पुष्कळदा याच वळणाने जातो. ती कालच्या शत्रूला डोळ्यांसमोर ठेवून बांधली जाते, तीन-सप्तमांश पूर्ण होते, आणि मग तिच्यावरून रस्ता जातो. बालीगंज त्या काळी खंदकाच्या बाहेरच होते, आणि बालीगंजकरांचा बंदोबस्ताविषयीचा निवांतपणा पाहता ते अजूनही बाहेरच असावे अशी शंका येते.

त्याच बर्गी प्रकरणात आणखी एक धडा आहे, आणि तो मराठ्यांच्या अंगावर आलेला असल्यामुळे मराठी नवशिक्याने विशेष लक्षपूर्वक वाचावा. ३१ मार्च १७४४ रोजी बंगालचा तेव्हाचा नवाब अलीवर्दी खान याने भास्कररामांना बोलणीसाठी मानकरा येथील आपल्या तंबूत सन्मानाने बोलावले आणि तेथे त्यांना वीसहून अधिक सरदारांसह मारवले. ज्यांना रणांगणात गाठता आले नाही, त्यांना आमंत्रणाने गाठले. यंत्राऐवजी माणसाच्या विश्वासाला भगदाड पाडण्याच्या या प्रकारास आज सोशल इंजिनिअरिंग म्हणतात. तंबूच्या जागी ‘आपले वीजबिल थकले असून आज रात्री जोडणी तोडण्यात येईल’ असा संदेश येतो, आणि त्याखाली एक दुवा असतो.

बालीगंजमध्ये या कलेला सुपीक जमीन आहे. मुले बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत, आणि उंच छताच्या घरात निवृत्त आजोबा, आजी व निवृत्तिवेतनाचे खाते, अशी कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. त्यांना व्हिडिओ फोन येतो; पडद्यावर गणवेशातील माणूस दिसतो; तो सांगतो की आपल्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले असून आपणास ‘डिजिटल अटक’ झाली आहे, तेव्हा फोन बंद न करता सर्व रक्कम तपासणीसाठी अमुक खात्यात भरावी. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची कोणतीही तरतूद नाही. आयुष्यभर मिष्टी दहीवाल्याच्या वजनकाट्यावर अविश्वास दाखवणारे आजोबा या गणवेशावर मात्र तत्काळ विश्वास ठेवतात. शेजारच्या खोलीत त्यांचा नातू त्या क्षणी कानांना हेडफोन लावून स्वतःच्याच संगणकाची ६५,५३५ दारे ठोठावीत बसलेला असतो, आणि ती सर्व बंद असल्याचे पाहून त्याला घर सुरक्षित वाटते.

नातवाच्या शस्त्रागारात रॉकयू नावाची एक यादीही असते. २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीची सुमारे ३.२ कोटी खाती फुटली. कंपनीने सर्व पासवर्ड जसेच्या तसे, कोणतेही सांकेतिक रूप न देता साठवले होते. त्यातून वेगवेगळ्या १.४ कोटी पासवर्डांची जी यादी तयार झाली, ती आज पासवर्ड ओळखण्याच्या सरावासाठी काली लिनक्ससोबतच मिळते. त्या कंपनीच्या ग्राहकांचा सर्वांत आवडता पासवर्ड ‘१२३४५६’ हा होता. नवशिका या आकड्यावर मनमुराद हसतो, आणि त्याच्या घरातील वायफायचा पासवर्ड हा त्याचीच जन्मतारीख असतो, जी आजोबांनी पाहुण्यांच्या सोयीसाठी फ्रिजवर चिकटवलेली असते.

पासवर्डला कंटाळलेले लोक बोटाच्या ठशाकडे वळतात, आणि या बाबतीत कोलकाता जगाच्या पुढे होते. जगातील पहिला अंगुलिमुद्रा विभाग १८९७ मध्ये याच शहरात सुरू झाला. अझीझुल हक यांनी ठशांची १,०२४ घरांत विभागणी करण्याची गणिती रीत बसवली, आणि हेमचंद्र बोस यांनी ठसे तारेने कळवण्यासाठी सांकेतिक पद्धत तयार केली. या सर्वाला जगाने ‘हेन्री पद्धत’ असे नाव दिले, कारण एडवर्ड हेन्री हे त्यांचे साहेब होते. संगणकावरील हल्ला नेमका कोणी केला हे ठरवणे अतिशय कठीण असते, असे आजचे तज्ज्ञ सांगतात. चांगले काम नेमके कोणी केले हे ठरवणेही कठीणच असते, हे या उदाहरणावरून त्यांच्या यादीत घालण्यास हरकत नाही. नवशिक्याने एवढे मात्र लक्षात ठेवावे की चोरीस गेलेला पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

आता मगजास्त्र परजण्याची सामग्री कोणती, हे सांगणे प्राप्त आहे, आणि ती इतकी थोडी आहे की संग्राहकाची निराशा होईल. पहिली वस्तू ओव्हरदवायर या संकेतस्थळावरील ‘बँडिट’ हा फुकट खेळ. त्यात चित्रे नाहीत, आवाज नाही, काळ्या पडद्यावर अक्षरांत आज्ञा लिहायच्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर दडवलेला पासवर्ड शोधून पुढची पायरी उघडायची असते. शून्याव्या पायरीचा पासवर्ड उघड दिलेला आहे. दुसऱ्या पायरीचा पासवर्ड ज्या फाइलीत आहे, तिचे नाव केवळ एक आडवी रेघ, एवढेच आहे. नवशिका ती फाइल उघडण्याची आज्ञा देतो आणि संगणक स्तब्ध बसतो, कारण रेघेचा अर्थ तो ‘आता टंकफलकावरून येईल ते वाच’ असा घेतो. इकडे माणूस संगणकाची वाट पाहतो, तिकडे संगणक माणसाची, आणि बालीगंजमधील एक संपूर्ण दुपार या परस्पर सौजन्यात निघून जाते. फाइलीच्या नावाआधी तिचा ठिकाणा, म्हणजे एक टिंब व एक तिरपी रेघ, लिहिल्यास ती मुकाट्याने उघडते. आपण जे म्हणालो आणि यंत्राने जे ऐकले यांत अंतर असू शकते, आणि सुरक्षेतील बहुतेक भगदाडे त्या अंतरातच असतात, ही गोष्ट त्या दुपारी जितकी कळते तितकी सहा अभ्यासक्रमांत कळत नाही.

दुसरी वस्तू आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्ससारख्या फुकट साधनाने संगणकाच्या पोटात निर्माण केलेला दुसरा, बिघडला तरी चालणारा संगणक. त्यात मुद्दाम सदोष बनवलेली संकेतस्थळे बसवता येतात. ओवॅस्प या २००१ पासून काम करणाऱ्या संस्थेचे ‘ज्यूस शॉप’ हे त्यांपैकी एक, आणि पोर्टस्विगर कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी अशाच सरावाची फुकट शाळा चालवते. तेथे एसक्यूएल इंजेक्शन या दोषाची ओळख होते. संकेतस्थळाच्या नावाच्या चौकटीत एकेरी अवतरणचिन्ह लिहिले असता, ते नावाचा भाग न मानता माहितीकोशाला दिलेल्या आज्ञेचा भाग मानले गेले, की चौकटीतून थेट कोशालाच हुकूम सोडता येतात. वसईच्या किंवा म्हापशाच्या कोणत्याही डि’सूझांना हा दोष ठाऊक असतो; त्यांनी आपले आडनाव प्रामाणिकपणे लिहिले की अर्ज कोसळतो, आणि अशा रीतीने हे सत्शील कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या विनावेतन सुरक्षा-चाचण्या करीत आलेले आहे.

तिसरी वस्तू एक पुस्तक. क्लिफर्ड स्टॉल यांचे ‘द ककूज एग’ हे १९८९ चे पुस्तक गोलपार्कच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांत शोधावे, न मिळाल्यास नवे घ्यावे. स्टॉल हे खगोलशास्त्रज्ञ. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटांची चूक निघाली, ती शोधण्याचे क्षुल्लक काम त्यांच्याकडे आले, आणि तिचा माग काढता काढता ते सोव्हिएत गुप्तहेर खात्याला माहिती विकणाऱ्या जर्मन घुसखोरापर्यंत पोचले. त्यांच्याजवळची साधने म्हणजे उसनी आणलेली छपाईयंत्रे, एक पेजर आणि टिपणवही. हिशेबातील बारा आण्यांची चूक उजाडेपर्यंत शोधत बसण्याची वृत्ती मराठी मध्यमवर्गात मुबलक आहे, आणि तिचा याहून चांगला उपयोग आजवर कोणी सुचवलेला नाही.

प्रमाणपत्रांविषयी थोडक्यात लिहिणे पुरे. सीईएच या परीक्षेत चार तासांत १२५ बहुपर्यायी प्रश्न असतात, आणि तिचे नाव लग्नपत्रिकेवरही शोभून दिसते. ओएससीपी ही परीक्षा प्रत्यक्ष यंत्रे फोडून दाखवण्याची असून ती २३ तास ४५ मिनिटे चालते, व त्यानंतर अहवाल लिहिण्यास आणखी एक दिवस मिळतो. दिवसातील उरलेली पंधरा मिनिटे परीक्षार्थीला कशासाठी दिली आहेत, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

एक धोका मात्र विनोदाच्या पलीकडचा आहे. शिकलेली विद्या शेजारच्या मुखर्जीबाबूंच्या वायफायवर किंवा स्वतःच्याच महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर वापरून पाहण्याचा मोह नवशिक्याला साधारण तिसऱ्या आठवड्यात होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या संमतीवाचून त्याच्या संगणकात शिरणे हा दोष आहे, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हेतू प्रामाणिक होता हे लालबाजारच्या पोलीस मुख्यालयात पटवून देताना मगजास्त्राचा जेवढा वापर करावा लागतो, तेवढ्यात बँडिटच्या सर्व पायऱ्या पार होतात. चुकून दोष आढळलाच, तर तो मालकाला किंवा २००४ पासून कार्यरत असलेल्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावा, आणि संमती हवी असेल तर ती लेखी घ्यावी. मुखर्जीबाबू चहा पाजून तोंडी संमती देतील, परंतु ती न्यायालयात चालेल याची खात्री नाही.

सबब नवशिक्याने आज रात्री एकही नवे साधन न उतरवता बँडिटची शून्यावी पायरी चढावी, आणि त्याआधी फ्रिजवरील कागद काढून वायफायचा पासवर्ड बदलावा. आजोबांना एवढेच सांगावे की गणवेशातील माणूस व्हिडिओवर दिसून पैसे मागू लागला, तर फोन बंद करावा, आणि पैसे गेले असतील तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर-गुन्हे मदत क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक कोणत्याही साध्या फोनवरून लागतो.